बू राशिदची बादली

मुहर्रकला ऑगस्टात
हवा ओल्या पंचासारखी अंगाला चिकटते.
आभाळात ढगाचा कपटा नाही,
तरी गाडीतून उतरलो की चष्मा पांढरा.
समुद्र मीठ खाली ठेवून उठलेला असतो
आणि गल्लीबोळांतून हिंडतो, न दिसता.

तक्रार होती: एसीतून पाणी गळतं.
सुनेनं फोन केला होता.
मागच्या बाजूला गेलो. नळीखाली
रंगाची जुनी बादली, काठोकाठ.
गार कॉईलला हवा टेकते, तिचं ओझं सुटतं,
टप.
मग बराच वेळ काही नाही.
टप.
बादली उपडी करणार, तोच
म्हाताऱ्यानं मनगट धरलं.

बू राशिद. बाप मोती काढणारा पाणबुड्या.
मोडक्या हिंदीत सांगत राहिला:
समुद्राच्या तळाशी गोडा झरा होता.
बाप पखाल घेऊन बुडी मारायचा,
झऱ्याच्या तोंडावर तिचं तोंड दाबायचा,
मुठीत आवळून वर यायचा.
चहूकडे खारं, पखालीत गोडं.
"आणि आता?"
त्यानं हात पालथा केला.
किनाऱ्यावर बोअर वाढले, झऱ्याचा दम गेला.

ते पाणी कधीचं असेल?
पलीकडचं वाळवंट वाळवंट नव्हतं तेव्हा
पडलेला एखादा पाऊस,
खडकाच्या पोटातून चालत आलेला,
वाटेत कुणी हाक मारली नाही त्याला.
हजारो वर्षं लागली असतील.
आणि माझं हे
पहाटे समुद्रात, दुपारी बादलीत.

बादली तो लिंबाला घालतो.
अंगणात एवढं एकच झाड, छातीइतकं,
पानं धुळकट, फांदी वाकलेली.
दोन लिंबं माझ्या खिशात कोंबली,
नको नको म्हणेपर्यंत.

जॉब कार्डावर लिहिलं: गळती आढळली नाही.
खाली सही, द. रा. गुरव, वेळ एक चाळीस.

रात्री खोलीवर वरणात लिंबू पिळताना
खुंटीवरच्या शर्टाकडे लक्ष गेलं.
त्याच्या गच्चीवर भिजला, तिथंच वाळला,
पाठीवर मिठाच्या रेघा, नकाशासारख्या.
मीठ माझ्याकडेच राहिलं होतं.
पाणी तेवढं गेलं,
त्याच हवेत, बहुतेक त्याच नळीकडे.

वरण जरा जास्तच आंबट झालं.
ताट पुसून खाल्लं.