ओटा अठ्ठावीस इंच

उद्यमनगरात नटबोल्टच्या दुकानांमागं
माझं शेड. गाडी तिथंच बांधली मी,
लांब टेम्पोच्या सांगाड्यात एक घर.
मगदूम सर साखर कारखान्यात केमिस्ट.
रिटायर झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आले
ते ग्राफपेपरवर आराखडा काढूनच,
गॅसच्या नळीचा घेरसुद्धा लिहिलेला.

साडेबारा लाख झाले सगळे मिळून.
फाटकातून बाहेर पडली तेव्हाच दोन लाख उतरले,
हे मी बोललो नाही.
नारळ फोडताना असलं कोण बोलतं?

भाव कसा उतरतो ते मला विचारा.
इंजिन दमानं उतरतं, पत्रा पावसापावसानं,
प्लायवूड मात्र गगनबावड्यातल्या एका मुक्कामात फुगतं.
संडासाच्या टाकीनं एकदा वास धरला
की गिऱ्हाईक पायरीवरनंच मागं फिरतं.
फिरवली तर झिजते, ठेवली तर कुजते.
उभ्या गाडीचा टायर एका अंगाला चपटा होतो,
आजाऱ्याच्या कुशीसारखा.

दर दिवाळी झाली की सर यायचे,
"बारगीर, आज विकली तर किती?"
विकायची नसायचीच.
मी वहीत पेन्सिलनं लिहायचो.
दहा. नऊ. सव्वाआठ.
लॉकडाऊन उठल्यावर एकदम साडेदहा!
पुण्याचा एकजण रोख घेऊन दारात उभा,
सगळ्या जगाला अचानक चाकाचं घर पाहिजे होतं.
सर म्हणाले, "आता कशाला? आत्ता कुठं किंमत कळली."
पुढच्या वर्षी सात.
मग मी आकडा सांगायचो, लिहायचो नाही.

यंदा डॉक्टरनं लायसनच्या फॉर्मवर सही केली नाही.
डाव्या डोळ्यातलं अर्धं गेलंय म्हणाला.

गिऱ्हाइकं आली.
इचलकरंजीचा, निपाणीचा, बेळगावची एक जोडी.
टायर दाबले, सोलरची तार ओढून बघितली,
आणि प्रत्येकजण ओट्यापाशी येऊन वाकला.
"एवढा बुटका? कंबर जाईल की."
दहा हजार कमी. वीस हजार कमी.

माप मीच घेतलं होतं.
शशिकलाबाईंना म्हटलं, कोपर दुमडून उभ्या राहा.
कोपराखाली चार बोटं सोडून टेप वाचली, अठ्ठावीस.
घरचा ओटा तेहतीस.
एकतीस वर्षं पाटावर उभं राहून भाकऱ्या थापल्या,
हे त्यांनी मला सांगितलं, टेप गुंडाळताना,
सर तेव्हा बाहेर हॉर्न वाजवून बघत होते.

शेवटी वडगावचा पोल्ट्रीवाला आला.
आत चढलाच नाही.
"आहे तशी तीन. आतलं काढून दिलं तर साडेतीन."
सरांनी मला दोनदा विचारलं,
म्हणजे आत घर आहे म्हणून पन्नास हजार कमी?
व्हय सर, म्हटलं. तसंच.

दोन दिवस लागले.
बांधायला चार महिने लागले होते.
पलंग, कपाट, फुगलेली दारं, खिडकीचे पडदे.
ओट्याची फळी उलटी केली तर मागं माझंच अक्षर,
बाईंच्या मापानं. बदलू नये.
कुणासाठी लिहिलं होतं, आठवत नाही. पोरगं कटर चालवायचं तेव्हा.

बाई बघायला आल्या होत्या. मी म्हटलं,
घरी बसवून देतो, मजुरी नको.
त्यांनी ग्रॅनाइटवरनं एकदा हात फिरवला,
पिठाचा असावा तसा तळवा झटकला.
"नको. तिथं आता सून उभी राहते.
ती उंच आहे."

गाडी गेली. परवा तावडे हॉटेलपाशी दिसली,
जाळ्यांत कोंबड्या, मागं पिसं उडत होती,
पळत होती मात्र छान.

ओटा शेडात भिंतीला टेकवून ठेवलाय.
भंगारवाला बाराशे म्हणतो.
वहीत ते लिहायचं की नाही
अजून ठरवलं नाही.