एका चुलीचे

सहा आठवडे, मानधन नाही,
नेहमीचं काम सांभाळून,
असं परिपत्रकात होतं.
विषय : कुटुंब या शब्दाची व्याख्या.
मी हात वर केला.
का, ते नीट सांगता येणार नाही.
सात वर्षं महागाईचा निर्देशांक काढतेय मस्कतमध्ये,
कांदा, खजूर, सुरमई, घरभाडं.
नुसते भाव विचारले लोकांना,
वाटलं, एकदा तरी दुसरं काही विचारावं.

आम्ही पाचजण.
नमुना पाहणीतली बद्रिया अल-हिनाई,
जिच्या आईकडे दर शुक्रवारी चाळीस पानं उठतात
आणि तिच्या लेखी ते एकच कुटुंब.
सुदानचे इद्रीस, निवृत्तीला चार महिने उरलेले,
तरी म्हणाले, मला घ्या.
कोट्टायमचा जिजो, नकाशांवाला.
आणि नवा हमद, जो इतिवृत्त लिहायचा,
आम्ही न बोललेलंसुद्धा.

अडीचला कार्यालय सुटलं की बसायचो.
बाहेर अल-खुवैरचा रस्ता तापलेला,
आत एसीचं पाणी बादलीत टप टप.
पहिल्याच बैठकीत मी म्हटलं,
आमच्याकडे एका चुलीवर जेवतात ते कुटुंब.
भाऊ भांडले की म्हणतात, चूल वेगळी झाली.
चूल समजावताना माझी दमछाक झाली.
इद्रीसनी हवेत बोटं मांडली : तीन दगड?
हो, तीन दगड.
मग आमच्याकडेही तेच, म्हणाले.
हमदनं लिहिलं : तीन दगडांवर एकमत.

चौथ्या आठवड्यात गालाच्या कामगार वस्तीत गेलो
प्रश्नावली पारखायला.
खोली सतरा. आठ पलंग, चौदा माणसं.
दिवसपाळी उठते, रातपाळी निजते
त्याच गादीवर, ऊब न मोडता.
कुटुंबप्रमुख कोण?
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं,
मग रांधणाऱ्याकडे.
श्रीवर्धनचा इब्राहीम तुंगेकर, हातात डाव.
बाई, म्हणाला मला मराठीतून,
प्रमुख म्हणजे ज्याच्या नावावर सिलिंडर आहे तो का?
तो तर मागच्या महिन्यात गावी गेला कायमचा.
तांदूळ वर्गणीचा. रातपाळीवाल्यांचं झाकून ठेवतो.
कोणी रुसून निजला तर उठवायला जातो.
आता यात काय बसेल ते लिहा.
आणि हो, श्रीवर्धनच्या रेशनकार्डावर मी आहेच,
तिथेही मोजतात, इथे तुम्ही मोजता.
एवढा मोठा मी कधीच नव्हतो.

जिजो हसला. मी खोडरबर शोधत राहिले.

नियमानुसार खोली सतरा म्हणजे सामूहिक निवास,
संकेतांक चार,
इस्पितळं आणि तुरुंग त्याच रकान्यात.
बद्रिया पाचव्या आठवड्यात टेबलावर हात आपटून म्हणाली,
तुरुंगात कोणी कोणाचं झाकून ठेवत नाही.
तेव्हा प्रश्न अकरा जन्मला :
तुम्हाला उशीर झाला, तर तुमचं जेवण कोणी ठेवतं का?
इद्रीसनी त्याची अरबी पुन्हा पुन्हा सुधारली.
एवढ्याशा वाक्याला दोन दुपारी.

चाचणीचा अर्ज आधी आपणच भरायचा, ही पद्धत.
माझ्या सदनिकेत, फ्रिजला टेकून मी भरला.
व्यक्तींची संख्या : एक.
स्वयंपाकघर : स्वतंत्र.
अकराव्यापाशी पेन्सिलचं टोक मोडलं,
असं मी जिजोला सांगितलं.

वरून मसुदा परत आला.
प्रश्न अकरा कापलेला,
मोजता न येणारा, असा शेरा.
एक तळटीप तेवढी वाचली,
सहाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात :
सामाईक स्वयंपाक असल्यास स्वतंत्र नोंद घ्यावी.
शेवटच्या बैठकीला हमदनं हलवा आणला.
इद्रीसनी तळटीप मोठ्यानं वाचली
आणि चष्मा पुसत बसले बराच वेळ.

काल नवं परिपत्रक आलं.
आठ आठवडे, मानधन नाही.
विषय : रिकामं घर कशाला म्हणावं.
मला वाईतलं माझं कुलूप आठवलं,
शेजारच्या मालूताईंकडे ठेवलेली किल्ली,
आणि दर महिन्याला येणारं
शून्य युनिटचं वीजबिल.

हमदनं दारातून विचारलं, नाव देताय?
मी म्हटलं, बैठका अडीचलाच ना?