प्रतवारी

सावळजच्या शेडवर मी बेदाणा निवडते,
सोळा वर्षं झाली.
हिरवा, पिवळा, काळा, लांब, गोल, काडीचा,
डोळे मिटले तरी बोटांना कळतं.
पण शाळेच्या समितीत मला घेतलं ते त्यासाठी नाही.
बाईमाणूस पाहिजे होती,
आणि त्या दिवशी नेमकी मी
पोरीचा डबा घेऊन दारात सापडले.

आज पाहणी.
अध्यक्ष छाटणीला गेलेले, म्हणून सही माझी.
भिंतींचा रंग अजून हाताला लागतोय,
'हात धुवा'च्या चित्राखाली नळ कोरडा.
गंधकाची धुरी दिली की माल असाच उजळ दिसतो.
मी काही बोलले नाही.

भोकरे साहेबांनी प्रपत्र उघडलं. चौदा पानं.
मुलाणी बाईंनी पुढच्या बाकावरची अनुष्का उठवली.
ती वाचत सुटली, सायकल उतारावर सोडावी तशी.
साहेबांनी घड्याळ बघितलं,
"छान. मिनिटाला नव्वद शब्द."

आता सौद्यात काय होतं ते सांगते.
पेटीचा वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो.
जुना व्यापारी वर बघतच नाही,
कोपरापर्यंत हात घालतो
आणि तळातली मूठ बाहेर काढतो.

मी म्हणाले, साहेब,
खिडकीजवळच्या त्या पोराला उठवा.

बाईंनी माझ्याकडं बघितलं.
ते बघणं अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

बिरू कोळेकर, तिसरी.
मेंढरांमागं चार महिने इकडं, चार महिने घाटाखाली,
उरलं तर शाळा.
त्यानं ओळीवर बोट ठेवलं.
शे. ळी.
शेळी.
मग बराच वेळ काहीच नाही.
बाईंनी शब्द पुरवला नाही.
साहेबांचं घड्याळ चालू,
आणि मी बघत होते बाकीची तेवीस पोरं.
एकही हसलं नाही.
अनुष्कानं पेन्सिल खाली ठेवली, आवाज न करता.
अख्खा वर्ग त्याच्याबरोबर
पुढच्या अक्षरापाशी थांबून राहिला होता.

ग. व. त. गवत.
खा. ते.

"पर बाभळीच्या शेंगा असल्या,"
बिरू पुस्तकालाच म्हणाला,
"तर गवताकडं ढुंकून बघत न्हाई ती."
"मग लिही की तसं," बाई म्हणाल्या.
त्यानं अनुष्काची पेन्सिल घेतली.
"बाभळीतला भ कसा काढायचा, बाई?"

साहेबांनी रकाना शोधला.
मिनिटाला तीन शब्द. अप्रगत.
बाकी जे झालं त्याला रकाना नव्हता.

मग सह्या.
आठव्या पानावर: मुलींचं स्वच्छतागृह, आहे.
पाणी, आहे.
"नाही," मी म्हणाले.
"असं लिहायचं असतं हो ताई, श्रेणी जाते."
दुपारी मुली घरी पळतात, साहेब.
माझी पण.
त्यातल्या निम्म्याच परत येतात.
काडी दिसत असताना पेटी बंद करायची
माझ्या हाताला सवय नाही.
'आहे' खोडलं, 'नाही' लिहिलं,
खाली माझं नाव,
पिवळ्या बोटांचा डाग पडला तो वेगळाच.

श्रेणी गेली.
गावात दोघंतिघं म्हणाली, हिला कुणी सांगितलं होतं?
जाऊबाईंनी त्यांच्या लेकीला तासगावच्या व्हॅनमध्ये बसवलं.
बाई तीन दिवस बोलल्या नाहीत,
आणि मीही गेले नाही समोर.
भीती वाटली, खरं सांगते.
बिरूला मी उठवलं ते शाळेसाठी,
की माझी बोटं किती शहाणी ते दाखवायला?

चौथ्या दिवशी त्या शेडवर आल्या.
उभ्या उभ्याच म्हणाल्या,
"टाकीपासून नळापर्यंत पाईप किती लागेल?"

मापपट्टी कुणाकडंच नव्हती.
तिसरीच्या पोरांनी पावलं मोजली, बिरू पुढं.
पहिल्यांदा एकोणतीस आली,
परत मोजली तर एकतीस.
बाईंनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहून ठेवलेत.