टाकीखालचा शुक्रवार

पहिलं वर्ष मी फक्त दगडफुलांशी बोलले.
तलावाकडं उतरणाऱ्या वाटेवरची झाडं,
सालीला चिकटलेले करडे, हिरवट डाग,
भिंग, चिमटा, कागदाची पाकिटं.
हॉस्टेलच्या खोलीत मी आणि एक पाल.
आई चंदगडहून फोनवर विचारायची,
"मसाल्यात घालतो तेच नव्हं? त्याच्यावर पाच वर्सं?"
मी म्हणायची, व्हय, तेच.
पुढं दोघींनाही काही सुचायचं नाही.

एकदा मोजलं.
सोमवारी सकाळी मेसमध्ये "भाजी थोडी" म्हणाले,
त्यानंतर थेट बुधवारी संध्याकाळी
झेरॉक्सवाल्याला "पाठपोट."
मधले दोन दिवस माझा आवाज कुठं होता
कुणास ठाऊक.

त्याच्याकडचाच एक वाया गेलेला कागद घेतला,
कोऱ्या बाजूला मार्करनं लिहिलं:
शुक्रवारी साडेपाच, पाण्याच्या टाकीखाली.
विषय: ज्याला जे कळत नाही ते.
चहा आपापला आणावा.
खाली नाव घालायचं धाडस झालं नाही.

पहिल्या शुक्रवारी मी आणि वॉचमन पांडबा.
"परवानगी हाय का?"
"दोघांना कशाला लागत्या?"
ते टेकले. बराच वेळ काठी जमिनीवर फिरवली.
मग म्हणाले, "ही पोरं रात्री दोन-दोनपर्यंत दिवा जाळत्यात.
त्येचं पुढं काय हुतं?"
मी वहीत लिहून घेतलं. प्रश्न पहिला.

दुसऱ्या शुक्रवारी कुणीच नाही.

तिसऱ्या शुक्रवारी बाहुबली चौगुले, शिरोळचा, भौतिकशास्त्र.
आल्या आल्या म्हणाला,
"माझं मशीन सात महिने बंद आहे. पार्ट जर्मनीतनं येणार.
हे सांगायचं कुणाला, तेच कळत नाही."
"हितं सांग की. मी पण सांगायलाच आलोय,"
म्हणाली गुलनार मुजावर, मोडीचे कागद वाचणारी,
जी मघापासून खांबाला टेकून
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं दाखवत होती.

मग जतचा रेवणसिद्ध आला, हाताला बागेतली माती,
कमवा आणि शिकामधनं तसाच उठून.
मग नावं लक्षात राहीनात इतके.
मी एकदा हजेरीची वही काढली तर गुलनार म्हणाली,
"नाद सोड. हजेरी लावायला वर डिपार्टमेंट आहे."
भांडणं झाली. दोघं परत आलेच नाहीत,
त्यातला एक अजून जिन्यात भेटला की बूट बघतो.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं,
दगडफूल म्हणजे एक जीव नव्हे.
बुरशी आणि शेवाळ, एका घरात.
कोण कुणाला पाळतं यावर अजून वाद आहेत.
रेवणसिद्धनं विचारलं, "आणि भाडं कोण भरतं?"

त्या हसण्यातच कुणीतरी बोलून गेलं
की फेलोशिप आठ महिने आलेली नाही.
हसणं थांबलं. हात वर होत गेले.
अकरा.
अकरा जणांना वेगवेगळ्या खोल्यांत वाटत होतं
की चूक आपल्या एकट्याच्याच अर्जात आहे.

सोमवारी अकराही जण कार्यालयाच्या दारात.
"मोर्चा आहे काय?" साहेबांनी चष्म्यावरनं विचारलं.
बाहुबली म्हणाला, "नाही सर. रांग."

सहा जणांची झाली. पाच जणांची अजून नाही.
त्या रात्री गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
म्हैस आमच्याकडं बघत असताना
सहा जणांनी अकरा ग्लास सांगितले.
पांडबांचा बारावा, बाटलीत भरून.

आता माझा प्रबंध शेवटाला आलाय.
नोटीस कोण लावतं मला माहीत नाही,
अक्षर माझं नसतं, "टाकी"ची वेलांटी ऱ्हस्व.
वहीतला पहिला प्रश्न तसाच आहे,
समोर कुणी काही लिहिलेलं नाही.

आज खिडकीतनं दिसलं, खांबापाशी एक नवी मुलगी,
सारखं मोबाइलमध्ये बघतेय,
जणू कुणीतरी यायचंय.
मी चहाचे दोन कप घेऊन उतरले.
अर्ध्या जिन्यात आठवलं,
साखर वरच राहिली.