कंसात हशा

आडमुठे सर दोन पिशव्या घेऊन यायचे.
खाकी पिशवीत दिवाळी अंकांची भुतं,
पांढरीत दर मंगळवारचा एपिसोड.
खणभागातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात
दोन्ही एकाच टेबलावर उतरायच्या,
मध्ये भडंगाची पुडी.

'शमशाद, आधी हसण्याचं कर,
त्याला मुंबईला फॅक्स जायचंय.
मेलेल्यांना काय घाई?'

मी टाइप करायची.
जावई सोफ्यावर बसतो, सोफा मोडतो. (हशा)
सासू म्हणते, अहो, भाड्याचा होता. (हशा)
सासरा विचारतो, जावई की सोफा? (मोठा हशा)

आणि संध्याकाळी, दुकानात एकटी असताना,
दुसरी पिशवी:
हरिपूरच्या वाटेवर चिंचेखाली
कुणीतरी सायकल थांबवून रोज वेळ विचारतं,
आणि सांगणाऱ्याचं घड्याळ
घरी पोचेपर्यंत उलटं चालू लागतं.
मी शटर अर्धं ओढून घ्यायची,
बाहेरचं आत येऊ नये म्हणून.
मग वाटायचं, आतलंच जर
आत राहिलं तर,
आणि पूर्ण उघडायची.

एकदा विचारलं, सर, एकाच पेनातून
हे दोन्ही कसं येतं?
त्यांनी टोपण लावलं, काढलं.
म्हणाले, 'दोन पेनं आहेत.'

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर नव्हता तेव्हा.
त्या अंधारात त्यांनी भूपालकाकाचं सांगितलं.

हरिपूरची हळदीची पेवं.
पंचवीस फूट खोल, तोंड एवढंसं, पोट हत्तीचं.
पेव फोडलं की आधी वारं खाऊ द्यायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस उतरत नाही.
भूपालकाका सगळ्यांत आधी उतरायचा
आणि खालून भुताचा आवाज काढायचा,
घोगरा, हळदीनं माखलेला:
'मुकादमा, माझी मजुरी दे रं.'
वर हमाल पोट धरून हसायचे.

त्या दिवशी कंदील विझला नव्हता.
किंवा कुणी नीट बघितला नव्हता.
खालून एकदाच आलं, 'मुकादमा, माझी',
तेवढंच, अर्धं.
वर सगळे हसले.
किती वेळ हसले?
सर म्हणाले, मी नऊ वर्षांचा, काठावर पालथा,
सगळ्यांत जास्त मीच हसत होतो.

लाइट आली.
त्यांनी भडंगातला शेवटचा शेंगदाणा शोधला.
'तिसऱ्या पानावर कंस बंद करायचा राहिलाय बघ,'
म्हणाले, 'नट बिचारा हसतच बसेल.'

मालिका बंद पडली.
महापुरात माझं दुकान गेलं,
दुकान परत उभं राहिलं, फॅक्स नाही.
सर गेले ते साध्या तापानं,
त्यांनी स्वतः असा शेवट खोडला असता.

त्यांची सून एक पिशवी घेऊन आली.
खाकी की पांढरी, सांगता येईना,
गाळानं एकच रंग चढवलेला.
आत एक कथा. पेव. काठावर पोर.
खाली कंदील जळतोय, स्थिर, पिवळा.
खालून कुणी काहीच म्हणत नाही.
मग एक ओळ सोडून, मधोमध, एकटं:

(हशा

कंस उघडा. पान तिथं संपलेलं.
पिशवी झटकली. वाळलेली माती पडली,
दुसरं पान नाही.

टाइप करताना बोट शून्याच्या कळीवर गेलं.
शिफ्ट दाबली की कंस तिथंच असतो.
गेलं तसं परत आलं.

सुनेनं प्रूफ डोळ्यांजवळ धरलं.
'इथं चूक राहिलीय वाटतं.'
मी म्हटलं, नाही.
ते दुसऱ्या पेनानं लिहिलंय.