भूमध्य

अंबादास दोन वर्षांनी सुट्टीवर आला
अन् तिसऱ्याच दिवशी म्हणला, चल कुंते,
आपले किनारे दाखव मला.

पैठणला कसले आलेत किनारे.
मे महिना, धरण अठरा टक्क्यांवर,
पाणी पार कोस-दीड कोस माघारी गेलेलं,
मागं राहिलेल्या गाळात लोकांची खरबुजं.
तरी निघालो. मोटारसायकलला थर्माकोलचा तराफा आडवा बांधला,
वारा शिरला की सगळी गाडीच उडू बघायची.

तो हॉटेलात असतो तिकडं, भूमध्य समुद्राच्या काठच्या एका गावात.
गावाचं नाव माझ्या तोंडात अजून बसत नाही.
दर रविवारी फोटो यायचे:
खडकांच्या ओंजळीत धरलेलं पाणी,
इतकं नितळ की होडी हवेत टांगल्यासारखी,
पायऱ्या, थेट समुद्रात उतरणाऱ्या.
आई फोन लांब धरून बघायची
अन् विचारायची, ह्यात मासा लपत आसंल कुठं?

पहिली खोबण लागली ती म्हशीची ओटी.
नकाशात नाव नाही, आम्हा भोयांच्या तोंडी आहे.
काळा दगड दोन्ही अंगांनी वाकून आलेला, मधी हिरवट पाणी.
पलीकडं मोटारबुडी, तिथं कुणाची तरी पाच हॉर्सपॉवरची मोटार
पायपासकट तळाला गेली, त्या साली मी पाचवीत होते.
त्याच्याही पुढं एक आहे, तिचं नाव बायांसमोर घेत नाहीत.
ते त्याला आठवत होतं. हसला.

म्हणला, तिकडं समुद्राला ओहोटी नाही म्हण की.
सकाळी ज्या पायरीवर पाणी, रात्री त्याच पायरीवर.
मी म्हणलं, आपल्याला आहे. वर्षातून एकदा येते,
अन् गाव दाखवून जाते.

जुन्या गावाची विहीर उघडी पडलेली होती.
दहा महिने पाण्याखाली असणारी विहीर,
पाण्यात बुडालेलं पाणी.
काठाच्या दगडाला दोरांनी पाडलेल्या खाचा.
अंबादासनं त्यांत बोटं घातली. चारी बसली.

भूमध्य म्हणजे भुईच्या मधोमध, शाळेत बाई सांगायच्या.
चहूकडून जमीन, आत अडकलेलं पाणी.
मी बोट वर करून विचारलं होतं, म्हंजी आपलं धरण?
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत,
पण उत्तरही दिलं नाही.

तिकडची कुठली जागा आवडायची तुला, मी विचारलं.
तो तराफ्याची गाठ सोडत होता. सोडतच राहिला.
मग म्हणला, गेलो न्हाई गं कधी.
सकाळी नऊला भांडी, रात्री एकला भांडी.
खिडकी हाय त्या खोलीला, वाफ पुसली की दिसतो समुद्र,
एवढा. पंजाएवढा.
फोटो गिऱ्हाइकं दाखवायची, मी मागून घ्यायचो.

आणि सदरा काढून, ते लोक झोपतात तसा
उताणा झोपला, हात पसरून,
काळ्या दगडावर, मे महिन्यात, भर दुपारी,
अन् ओरडत उठला! पाठ लालभडक.
इतकं हसलो दोघं की लांबचे रोहित उठले पाण्यावरून,
एक चक्कर मारून पुन्हा तिथंच बसले.

तसाच आत शिरला, गळ्यापर्यंत.
तराफ्याला एक हात, पाय सोडलेले.
बराच वेळ बोलला नाही.

फोटो काढ, म्हणला आतून.
बाभळीचं खोड नको, ते प्लास्टिक नको,
नुसता दगड अन् पाणी येऊ दे.
काढला. खोड आलंच एका कोपऱ्यात.

सोबत भांडी घासणाऱ्या पोराला त्यानं तो पाठवला, ओल्या अंगानंच.
लगेच उलटून आलं, कुठला किनारा हा?
अंबादास अंगठ्यानं लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा.
मी वाकून बघितलं नाही.

येताना गाळपेरातल्या म्हाताऱ्यानं हटकलं,
वेलावरून गाडी घातली म्हणून.
शिव्या दिल्या, मग एक खरबूज दिलं.
धरायचं कुठं, माझे दोन्ही हात तराफ्याला.
शेवटी ओटीत घेतलं.