दिवाणामागची भिंत

ऐरोलीत, सेक्टर चारातल्या या दीड खोलीत
हॉल आजवर तीनदा रंगला.
घर मिळालं तेव्हा चुना.
मंदारच्या दहावीला गुलाबी, दुकानदारानं गळ्यात मारलेला.
मग आमच्या लग्नाच्या पंचविशीला पांढरा,
खोली मोठी दिसते म्हणे.
खोली होती तेवढीच राहिली,
ट्यूबलाइट मात्र डोळ्यांत घुसायला लागली.

आणि डाग.
गुलाबीत लपायचा, पांढऱ्यात लपेना.
दिवाणामागे, कमरेच्या जरा वर,
भाकरीएवढा, कडेला पिवळट, मधे दाट:
ह्यांच्या डोक्याचा.
रबाळ्याहून रात्रपाळी संपवून यायचे,
अंघोळ, तळहातभर खोबरेल,
आणि टेकायचे.
पेपर छातीवर, चष्मा कपाळावर.
बावीस वर्षं मी ओरडले,
अहो, मागे उशी घ्या.
घ्यायचे.
दहा मिनिटांत ती मांडीवर आलेली असायची.

आता ऋचानं रंगांचं कार्ड आणलं,
वॉर्म ब्राऊन करू आई, हल्ली सगळे हॉलला तोच देतात.
तपकिरी?
लोक धूळ झाडतात,
आपण पैसे मोजून लावून घ्यायची?
ती हसली. कार्ड टीव्हीवर ठेवून कामाला गेली.

बाळाराम दिघ्याचा. घासलं, लांबी भरली, प्रायमर मारला.
सकाळी डाग हजर.
पुन्हा मारला. पुन्हा हजर,
जरा फिका, झोपेतून उठून आल्यासारखा.
तिसऱ्या दिवशी त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.
"काकी, यो डाग जाचा नाय.
तेल भितीचे पोटान गेलंय."

त्याला चहा दिला.
तो पीत होता तोवर
मी उगाच कार्ड उचललं आणि डागाला लावून पाहिलं.
पहिली पट्टी विटकरी, भांडकुदळ.
दुसरी चॉकलेटची, तिच्यात संध्याकाळ लवकर झाली असती.
तिसरी नुसतं पाणी.
चौथी ठेवली, आणि
पट्टीची कडच सापडेना.
डाग कुठे संपतो, कागद कुठे सुरू होतो,
बोट फिरवून बघावं लागलं.

दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड असते ना,
तो रंग.
किंवा भाजणी, खमंग व्हायच्या क्षणभर आधीची.
कार्डावरचं नाव मला वाचता आलं नाही.
आकडा वाचला,
बाळारामला म्हटलं, हा.
चारी भिंती?
चारी भिंती.
त्यानं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
"बेस हाय. आता वर आला तरी कलनार नाय."

मला तरी कळेल, हे मी त्याला सांगितलं नाही.

दोन हात झाले. खिडक्या उघड्या, पंखा पाचावर,
रंगाचा वास शिंकाळीवर शिंकाळी आणणारा.
चार वाजता ऊन खाडीवरून
विजेच्या तारांखालून वाकून आत आलं,
भिंतीवर पसरलं,
आणि पाडव्याला हात फिरवलेल्या
पितळेच्या ताटासारखी अख्खी खोली ऊन झाली.
मंदार म्हणाला, वा.
फोटो काढून कुणाकुणाला पाठवला.
रात्री ट्यूबखाली तोच रंग मलूल दिसला.
मी म्हटलं, पिवळा दिवा आण रे एक.
आणला.

डाग मिटवला असं सगळे समजतात.
समजोत.
मी तो फक्त खोलीभर वाढला,
पंक्तीत उरलेला भात वाढतात तसा,
कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत, हात आखडता न घेता.

दुपारी दिवाणावर बसते. पाय वर, पेपर हातात.
उशी मांडीवर.

काल समोरच्या सुलभाताई आल्या,
दारातच थबकल्या.
काय सुरेख वाटतंय हो, कुणीतरी घरात असल्यासारखं.
आमच्याही हॉलला हाच देऊ म्हणते,
नंबर काय याचा?

त्यांना चहा दिला, बशीत खारी दिली,
नंबर कागदावर लिहून दिला.
शेवटचा आकडा
मुद्दाम चुकवला.